माझे अकरा मीटर

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. पाव इंच रुंद, साडेसातशे मीटर लांब, रंगाने तपकिरी. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की पहिल्याच वाक्याला डोळे पुसायला लागतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते. मी रडणार नाही. एक तर मला डोळे नाहीत. दुसरे म्हणजे माझी कोणाकडे तक्रार नाही, माझे भांडण आहे. तक्रार करणारा काहीतरी मागत असतो. भांडणारा नुसता जागचा हलत नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका गारठलेल्या गावातल्या कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब पारदर्शक पट्टीवर लोखंडाच्या गंजाची बारीक पूड सारवत आणि वाळवत. इतर वस्तू म्हातारपणी गंजतात, मी जन्मतःच गंजलेली होते. शिवाय एक गुण घेऊन आले होते. माझ्यानंतर आलेल्या नव्या फिती ओढल्या की ताणल्या जातात आणि मग त्यांच्यातला आवाज कायमचा रडवेला होतो. माझ्या पिढीच्या फिती ताणल्या जात नाहीत. फार ओढले तर सरळ तुटतात. तुटल्या तरी आवाज जिथल्या तिथे शाबूत असतो आणि पुन्हा सांधता येतो. स्वभाव म्हणा हवे तर.

१९५९ साली मी लास व्हेगासला, सिल्व्हर मेसा नावाच्या हॉटेलात पोहोचले. तिथल्या टोपाझ रूममध्ये लेनी व्हेरोना रोज दोन खेळ करीत असे. आठच्या खेळाला लोक जेवत, नंतरच्या खेळाला नुसते पीत. लेनी शिकागोतल्या एका खाटकाचा मुलगा. त्याचा आवाज ऐकला की भरल्या पोटावरून कोणीतरी हात फिरवतो आहे असे वाटे. मागे चौदा जणांचा वाद्यवृंद, पुढे पन्नास टेबले.

रेकॉर्ड कंपनीने ठरवले की लेनीचा कार्यक्रम लोकांसमोर चालू असतानाच टिपायचा. त्या काळी असल्या रेकॉर्डींना फार मागणी होती. माणसे घरी बसून दुसऱ्यांनी वाजवलेल्या टाळ्या विकत घेत. कंपनीने मॉर्ट झेलिन नावाच्या ध्वनिमुद्रकाला यंत्रे घेऊन पाठवले. रंगमंचामागे जागा नव्हती, म्हणून त्याला मुदपाकखान्यातल्या कांद्याच्या पोत्यांमध्ये बसवले. मॉर्ट चार दिवस डोळे पुशीत होता. लोकांना वाटे, संगीताने हेलावला.

पहिल्या संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी एक हुशारी केली. रेकॉर्डवर काचेचा किणकिणाट नको, म्हणून सगळे ग्लास उचलून कागदी पेले ठेवले. बर्फ बंद. सुऱ्याही बंद, मांस आतूनच तुकडे करून आणायचे. टाय लावलेले पुरुष आणि मोत्यांचे सर घातलेल्या बायका कागदी पेल्यांतून व्हिस्की पीत, लहान मुलांसारखे तुकडे वेचत बसल्या. दातांच्या दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्यांचा चेहरा असतो तसा सगळ्या टोपाझ रूमचा चेहरा झाला. तिसऱ्या विनोदानंतर लेनी म्हणाला, "मंडळी, कुणी वारलंय का? आधी सांगितलं असतंत तर काळा कोट घालून आलो असतो." यावरही कोणी हसले नाही. ती संध्याकाळ माझ्या थोरल्या बहिणीवर टिपली गेली. पुढच्याच आठवड्यात तिला पुसून तिच्यावर साबणाची जाहिरात भरली. तिची सुटका झाली असे मी मानते.

दुसऱ्या संध्याकाळी लेनी साहेबांना म्हणाला, "मला काच परत द्या. हातात खरा ग्लास असला की माणूस खरा हसतो."

साहेबांनी काच दिली, पण बजावले की वेटर लोकांनी भांडी वाजवायची नाहीत. वेटर मंडळींना याचे हसू आले, कारण हा नियम त्यांच्याकडे कधीपासूनचाच होता. जिथे गायक गातो आणि लोक जेवतात, तिथे बशी कधी ठेवायची हे घड्याळ ठरवत नाही, गाणे ठरवते. गायक हळू गात असेल तर हातातले हातात धरून उभे राहायचे. ट्रम्पेटवाल्यांनी एकदम जोरात सूर लावला की त्या आवाजाखाली पटकन बशी टेकवायची. सूप पहिल्या गाण्याच्या ट्रम्पेटला, मांस तिसऱ्याच्या, कॉफी शेवटून दुसऱ्याच्या. त्यामुळे टोपाझ रूममधल्या प्रत्येक वेटरला आणि वेट्रेसला लेनीची सगळी गाणी पाठ होती. कौतुकाने नाही, हात दुखू नयेत म्हणून.

पुढची दहा टेबले अर्लीन पाचेककडे होती. ती नेब्रास्काची, सत्तावीस वर्षांची, घरी नवरा आणि चार वर्षांची मुलगी. सहा आठवड्यांत तिने चौऱ्याऐंशी खेळ वाढले होते.

माझ्या वाट्याला कार्यक्रमाचा शेवटचा अर्धा तास आला. शेवटून दुसरे गाणे सुरू झाले. एका माणसाचे, ज्याची बायको ऑक्टोबरात येते म्हणाली आणि आली नाही. वाद्ये मंद झाली. अर्लीन डाव्या तळहातावर सहा कॉफ्यांचा ट्रे तोलून टेबल सातपाशी उभी होती. लेनी 'खुंटीला तुझा कोट, दाराला माझा कान' म्हणणार, मग ट्रम्पेट, मग कॉफी.

लेनी ती ओळ विसरला.

रोज दोनदा गायलेली ओळ. आपलाच पत्ता कोणी अचानक विचारला की जसा आठवत नाही, तसे झाले. पियानोवाला हुशार, तो तेच दोन ठेके पुन्हा पुन्हा वाजवू लागला. एकदा झाले, दोनदा झाले. लेनी हसतमुख उभा, डोके रिकामे. ट्रम्पेटवाले ट्रम्पेट ओठांना लावून ताटकळलेले. आणि अर्लीनचा हात भरून आला. तिसऱ्या वेळी तिने सरळ मान वर करून, ट्रे हातात तसाच ठेवून, ती ओळ गाऊन टाकली.

सुरात गायली. जरा खाली, पण सुरात. ट्रम्पेट वाजले. तिने बशी ठेवली, पण गाण्याच्या नादात एक ठोका उशीर झाला आणि बशीचा 'टक्' असा आवाज माझ्यावर स्वच्छ उमटला.

लेनी म्हणाला, "बाई, नाव काय तुमचं?"

"अर्लीन."

"मंडळी, सहा आठवडे हे गाणं मी गातोय. अर्लीनबाईंना कॉफी द्यायची घाई आहे म्हणून आज तुम्हांला ते पूर्ण ऐकायला मिळतंय. बाई, पुढची ओळही येते का?"

"येते. पण कॉफी गार होईल."

"होऊ दे. टेबल सात, तुमची काही हरकत?"

टेबल सात ओरडले की हरकत नाही. मग पुढची ओळ तिने गायली, त्याच्या पुढची त्याने, आणि शेवटची दोघांनी मिळून. लोक उभे राहिले. ग्लासवर चमचे वाजले. कोणीतरी खुर्ची पाडली. हे सगळे साधारण तीस सेकंदांचे. माझ्या चालीने मोजायचे तर अकरा मीटर. माझ्या साडेसातशे मीटरांत जिवंत म्हणावेत असे तेवढेच. बाकी सगळे उत्तम गाणे आहे.

दोन आठवड्यांनी लॉस एंजेलिसला लेनीचा मॅनेजर हर्ब माझ्यासमोर येऊन बसला. त्याने ऐकले आणि मॉर्टला म्हणाला, "हे काप."

"हर्ब, हेच तर चांगलं आलंय."

"लोक दुकानात लेनी व्हेरोना घ्यायला येणार आहेत, वेट्रेस नाही. आपलंच गाणं ज्याला येत नाही असा गायक कोण विकत घेईल?"

"लेनीला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर."

"म्हणजे काप असं नाही म्हणाला."

"कापू नको असंही नाही म्हणाला."

मॉर्टने पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि ब्लेडने मला दोन ठिकाणी तिरपे कापले. माझे अकरा मीटर त्याने खिळ्याला टांगले. त्यांच्या जागी लेनीने बंद खोलीत त्याच ओळी पुन्हा गायल्या, नीट, पाठ करून आल्यासारख्या. पण बंद खोलीत टाळ्या कुठून आणणार? कंपनीकडे टाळ्यांचे एक तयार रीळ होते. आयोवाच्या जत्रेत पहिल्या आलेल्या एका डुकराला पडलेल्या टाळ्या. फार मनापासून वाजवलेल्या. त्याच लेनीच्या विरहगीताला लावल्या. तुमच्या आजोबांच्या पिढीने त्या रेकॉर्डवर डोळे मिटून मान डोलावली. डुक्कर उमदे असणार.

रेकॉर्ड छापून झाल्यावर एका शनिवारी मॉर्ट एकटाच आला. बंद खोलीत गायलेला उसना तुकडा काढून त्याने खिळ्यावरचे माझे अकरा मीटर परत माझ्यात सांधले. असे कोणी करत नसे. कापलेले तुकडे केरात जात. कारण त्याने सांगितले नाही, सांगायला खोलीत कोणी नव्हते. मग मला डब्यात घालून कपाटात ठेवले.

इकडे व्हेगासला अर्लीनने काय केले होते, हे मला फार उशिरा कळले. तिने सगळ्यांना सांगितले होते. नवऱ्याला, शेजारणींना, केस कापणारीला, चर्चमधल्या बायकांना. रेकॉर्ड आली त्या रविवारी तिने जेवायला अकरा माणसे बोलावली, ग्रामोफोनवर तबकडी ठेवली आणि म्हणाली, "आता ऐका." ती ओळ आली. लेनीच्या आवाजात. मागे डुकराच्या टाळ्या. मग तिचा दीर म्हणाला, "आवाज भारी घोगरा लागला हो वहिनी."

तेव्हापासून ती त्या घरातली थापाडी. कोणी पकडलेला मासा हाताने जरा मोठा करून दाखवला की समोरचा म्हणे, "हो का? आणि आई लेनीबरोबर गायली." पुढे पुढे नातवंडेही म्हणू लागली. त्यांना लेनी कोण हेही माहीत नव्हते. मुलगी जॉइस मोठी झाली, शाळेत मास्तरीण झाली, तीही म्हणे. दुष्टपणाने नाही. घरात मीठ असते तसे ते वाक्य घरात होते.

अर्लीनने माघार घेतली नाही. दर ऑक्टोबरात ती कंपनीला एक पत्र लिही: ती ओळ मी गायली, मूळ फीत शोधा. कंपनीकडून छापील आभार येत. कंपनी तीनदा विकली गेली, आभारांवरचे चिन्ह तीनदा बदलले. पत्रे थांबली नाहीत.

मी मात्र कपाटातून कंपनीच्या गोदामात गेले होते. डाव्या बाजूच्या फितीवर एक भजनी चर्चमंडळ, उजव्या बाजूच्या फितीवर कुत्र्यांच्या खाण्याची जाहिरात. उन्हाळ्यात छपराचे पत्रे तापत. माझ्या वयाच्या फितींना म्हातारपणी व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तसा मला येऊ लागला. भजनी मंडळ एका उन्हाळ्यात कुजून गेले. मी कुजले नाही. मला पोटातले अकरा मीटर राखायचे काम होते.

साठ वर्षांनी मला बाहेर काढले. जुनी रेकॉर्ड नव्याने 'स्वच्छ' करून काढायची टूम निघाली होती. डब्यावरची धूळ पुसून डेना नावाच्या मुलीने मला यंत्रावर चढवले. मागे तिचा वरिष्ठ पेरी उभा होता. पेरीचे काम म्हणजे संगणकाने आवाजातली घाण काढणे. खोकला, खुर्ची, ग्लास, चमचा, सगळे तो एकेक वेचून पुसत असे. त्याने स्वच्छ केलेल्या मैफली ऐकल्या की वाटे, गायक चंद्रावर गातो आहे आणि पृथ्वीवरून टाळ्या येताहेत.

मॉर्टच्या चिकटपट्ट्या वाळून पापड झाल्या होत्या. यंत्र फिरले, पहिला सांधा सुटला, मग दुसरा. माझे अकरा मीटर डेनाच्या मांडीवर येऊन पडले.

"राहू दे," पेरी म्हणाला. "कुठला भाग आहे तो?"

"शेवटून दुसरं गाणं."

"रेकॉर्डवर तो भाग वेगळाच आहे. आपोआप गळून पडलाय, बरंच झालं."

"ऐकून तर बघू."

तिने ऐकले. दोनदा ऐकले. मग ती उठून पत्रव्यवहाराच्या खोलीत गेली. तिथे एका खोक्यावर 'वेडे' असे लिहिलेले होते. स्वप्नात गाणी सुचलेले, गायकाशी आपले गुप्त लग्न झाले म्हणणारे, अशा लोकांची पत्रे त्या खोक्यात टाकत. डेना 'अर्लीन' हे नाव शोधत होती. तिला अठ्ठावन्न पत्रे मिळाली.

पुढच्या गुरुवारी अर्लीन आली. सत्त्याऐंशी वर्षांची, हातात काठी. चार तास गाडी चालवून जॉइसने आणले होते. दारातच जॉइस डेनाला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ, आईचं वय झालंय. तिला फार आशा लावू नकोस. आणि खाली गाडी लावलीय ती फक्त दोन तासांसाठी."

"मला ऐकू येतं," अर्लीन म्हणाली. "वय झालंय ते पायांचं."

डेनाने माझे अकरा मीटर यंत्रावर लावले. पियानोचे दोन ठेके सुरू झाले. एकदा, दोनदा. अर्लीन खुर्चीत बसली होती. तिने काही केले नाही, नुसता तिचा डावा हात काठीवरून सुटून खांद्यापर्यंत वर आला आणि तळवा उताणा झाला. जॉइस त्या हाताकडे पाहत राहिली. मग खोलीत सत्तावीस वर्षांच्या बाईचा आवाज आला. टक्. अर्लीन. कॉफी गार होईल. लोकांचा गलका.

फीत संपली. जॉइसने पर्स एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग विचारले, "कॉफी कुणाची होती?"

"टेबल सात. ओमाहाचा एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको आणि सासरची चार माणसं."

"सहाच्या सहा गार झाल्या?"

"सहाच्या सहा. नंतर सगळ्या बदलून दिल्या. वेटरांचा कॅप्टन ओरडला."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, लेनीला विचारा."

साठ वर्षांत अर्लीनला या गोष्टीबद्दल कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. लोक फक्त हसत. आज जॉइस विचारतच सुटली. कपडे कोणते होते, दिवे कसे होते, बाबा तेव्हा काय म्हणाले. अर्लीन एकेकाचे उत्तर देत होती, गिऱ्हाइकाला वाढावे तसे, न सांडता.

तेवढ्यात पेरी आत आला. हातात एक छापील कागद होता. "पाचेकबाई, कंपनीला फार आनंद झालाय. हे आम्ही रेकॉर्डच्या शेवटी जोडणार, जादाचं म्हणून. इथं सही करा. बशीचा आवाज काढून टाकू, माणसांचा गोंगाट कमी करू आणि तुमचा सूर जरा वर घेऊ."

"वर कशाला?"

"तुम्ही थोड्या खाली होतात."

"माझ्या हातावर सहा कॉफ्या होत्या. तू घे सहा कॉफ्या आणि गा."

डेनाने यंत्राकडे तोंड फिरवले.

"बशी राहील," अर्लीन म्हणाली. "ती मी ठेवली. खाली लागलेला सूर राहील, तोही माझा आहे. आणि हे शेवटी शेपटाला नाही लावायचं. गाण्यात जिथं झालं तिथंच."

"मग गाणंच बदलेल. लोक साठ वर्षं दुसरं ऐकत आलेत."

"मलाही साठ वर्षं दुसरंच ऐकवलंत."

"सही नसेल तर आम्हांला हे वापरता येणार नाही. लोकांना कधीच कळणार नाही, बाई."

अर्लीन काही बोलायच्या आत जॉइसने तो कागद पेरीच्या हातातून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि त्याच्याच खिशात ठेवला. "आई सही करणार नाही," ती म्हणाली. शाळेत एखाद्याचा कागद परत देताना म्हणत असेल तशी. मग डेनाकडे वळली. "दोन तासांतली चाळीस मिनिटं झालीत. ते परत लावशील?"

पेरी गेला. नवी स्वच्छ रेकॉर्ड त्या हिवाळ्यात निघाली. तिच्यावर अर्लीन नाही, बशी नाही, आणि साध्या खोकल्याचाही पत्ता नाही. चांगली खपली म्हणतात.

पण त्या दुपारी पाच वेळा ऐकून झाल्यावर डेनाने माझी तुटलेली टोके समोरासमोर ठेवली, नवी चिकटपट्टी कापली आणि पांढरे हातमोजे चढवले. अर्लीन म्हणाली, "दे इकडे. मी लावते."

"हातमोजे घाला हं. बोटांचं तेल लागलं की तिथला आवाज जातो."

"मी आयुष्यात हातमोजे घालून काही वाढलं नाही, पोरी."

आणि तिने उघड्या अंगठ्याने ती पट्टी माझ्यावर दाबली. चांगली जोरात, गार कॉफी बदलून दिलेल्या बाईच्या अंगठ्याने. तो ठसा तिथे आहे. यंत्रावर मी फिरते तेव्हा त्या जागी एक क्षण आवाज दबतो, फुंकर घातल्यासारखा, आणि मग तिची ओळ येते.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी वस्तू म्हणतात, आम्हांला जपा. मी म्हणणार नाही. तुम्ही मला तापवा, विसरा, कपाटात टाका, मी टिकून राहीन, तेवढी मी हट्टी आहे. फक्त मला स्वच्छ करायला येऊ नका. उद्या तुमच्यातलाच कोणी हुशार मुलगा मला यंत्रावर लावील, ती फुंकर ऐकून म्हणेल, इथे दोष आहे, पुसून टाकू या. त्याला सांगा, हात मागे घे. कंपनीच्या कागदावर बाईंनी सही दिली नाही. ती माझ्यावर अंगठ्याने केली आहे.